भिंतीत दडलेला झाडू

केर काढला म्हणजे धूळ घराबाहेर गेली, अशी आपली भाबडी समजूत असते. केरसुणी फिरली की निम्मी धूळ उडते आणि तासाभराने पुन्हा टेबलावर येऊन बसते. नेहमीचा व्हॅक्युम क्लीनरही ओढलेली हवा त्याच खोलीत सोडतो. पिशवीतून निसटलेली बारीक धूळ तिच्यासोबत परत येते.

आमच्या धाकटीला दमा. धुळीपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे टोरांटोजवळ घर बांधायला घेतलं तेव्हा या देशातला एक जुना उपाय करायचं ठरवलं. यंत्र गॅरेजमध्ये आणि तिथून प्रत्येक मजल्यापर्यंत भिंतींतून नेलेले पाइप. भिंतीवरच्या तोंडात नऊ मीटरची लवचीक नळी खोचायची, की यंत्र सुरू. धूळ गॅरेजमधल्या डब्यात, हवा घराबाहेर.

यंत्र बाहेर आणि नळी घरात, ही तशी मूळचीच रीत. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरने 1901 साली धूळ ओढणारं यंत्र काढलं. ते धूड घोड्यांनी ओढत आणावं लागे. ते रस्त्यात उभं राही आणि खिडक्यांतून लांबलचक नळ्या घरात जात. घरात फिरवता येणाऱ्या विजेच्या यंत्राचं पेटंट 1908 साली ओहायोतल्या जेम्स मरे स्पँग्लर या सफाई कामगाराला मिळालं. त्यालाही दमाच होता!

इथली घरं लाकडी सांगाड्याची. भिंतींवर बोर्ड ठोकले जाण्याआधी हे काम उरकावं लागतं. मी रजा काढून एका वयस्कर पोर्तुगीज मिस्त्रीच्या हाताखाली राबलो. पाइप दोन इंची, पातळ पीव्हीसीचा. कापलेल्या काठावरची कुसळं तो बोट फिरवून तपासायचा. सोल्युशन फक्त पाइपला बाहेरून लावायचं, एल्बोच्या आत कधीच नाही. आत लावलं तर पाइप सरकवताना ते पुढे ढकललं जातं आणि तिथेच सुकतं. त्या खडबडीवर आधी एक केस अडकतो, मग धागा, मग बोळा.

वळणं सगळी ऐसपैस. आखूड वळण एकच, भिंतीवरच्या तोंडामागे, आणि तेही मुद्दाम. पोरांची पेन्सिल अडकायचीच असेल तर तिथे, हात पोचेल अशा जागी अडकावी. फाटा मुख्य पाइपला खालून जोडायचा नाही, नाहीतर केर त्यात उतरतो. पाइप लाकडातून जातो तिथे लोखंडी पट्टी मारायची, म्हणजे पुढे कुणी तसबिरीसाठी स्क्रू मारला तरी पाइपला भोक पडत नाही. यंत्र सुरू करणारी चोवीस व्होल्टची तार पाइपलगतच बांधायची. शेवटी प्रत्येक तोंडाशी ओढ तपासली आणि मगच भिंती बंद झाल्या. त्यानंतरची दुरुस्ती म्हणजे भिंत फोडणं.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये चार इंची विटेच्या भिंतीत असा पाइप दडवणं कठीण. पण तिथे फरशी असते आणि ओलं फडकं धूळ उडू देत नाही. गालिच्यांच्या घरात ती सोय कुठली?

या पाइपांनी लेकीचा दमा गेला, असं मी म्हणणार नाही. पंप आजही तिच्या दप्तरात असतो. पण शनिवारी साफसफाई निघाली की तिला शेजारी धाडावं लागत नाही. ती स्वतःच नळी खोचते आणि जिना झाडायला घेते.