ढिगाऱ्याखालचा माणूस कसा शोधतात?

रात्रीच्या वर्गात परवा एकाने आम्हांला विचारले, "गुरुजी, लग्नात वरून फोटो काढतं ते ड्रोन भूकंपात काय कामाचं?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर आज पाहू.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. लातूर जिल्ह्यात किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने पडली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे १०,००० माणसे गेली. अशा ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे आणि कुठे, हे कळणे फार अवघड. शिवाय वेळ थोडा असतो. दबलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी काढले, तर तो जगण्याची आशा अधिक. उशीर होईल तशी आशा कमी.

म्हणून यंत्रांची मदत घेतात. ड्रोन म्हणजे माणूस न बसलेले लहान विमान. त्याला कॅमेरा असतो. ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडला दरडी कोसळल्या. पूल वाहून गेला. अशा वेळी पलीकडे काय झाले, ते ड्रोन वरून दाखवते. वायनाडला शोधाच्या कामी ड्रोन वापरले. काही ड्रोनवर उष्णता ओळखणारा कॅमेरा असतो. अंधारातही माणसाचे ऊबदार अंग त्यात वेगळे दिसते. पण जाड मातीखालची ऊब त्याला दिसत नाही, बरं का!

मग मातीखालचे कसे कळणार? २०१५ साली नेपाळात भूकंप झाला. तिथे पेटीएवढे एक यंत्र नेले होते. ते ढिगाऱ्यात लहरी सोडते. माणसाचा श्वास चालला, हृदय धडधडले, की परत येणाऱ्या लहरीत किंचित फरक पडतो. चौतारा गावी या यंत्राच्या मदतीने ४ माणसे जिवंत निघाली.

तिसरे साधन रोबो, म्हणजे यंत्रमानव. नावात मानव असले, तरी तो बहुधा पट्ट्यांवर चालणारी छोटी गाडीच असते. २००१ साली न्यूयॉर्कला दोन उंच इमारती कोसळल्या. जिथे माणूस वा कुत्रा शिरू शकत नव्हता, त्या फटींत असे रोबो सोडले. जिवंत माणूस त्यांना सापडला नाही. पण जवानाचा जीव धोक्यात न घालता आत पाहता येते, हे जगाला कळले.

आता पुढचा प्रश्न. जखमी शंभर, डॉक्टर दोन. आधी कोणाला पाहावे? जो मोठ्याने ओरडतो, त्याला? नाही. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. गप्प पडलेला जास्त धोक्यात असू शकतो. म्हणून जखमींना रंगीत चिठ्ठ्या बांधतात. लाल म्हणजे ताबडतोब. पिवळी म्हणजे थोडे थांबता येईल. हिरवी म्हणजे चालता येते, जखम किरकोळ. काळी म्हणजे आशा उरली नाही. मोठा माणूस मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास घेत असेल, तर तो लाल. असे श्वास दुरून मोजणारे ड्रोन आणि रोबो तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण कोणाला आधी उचलावे, हे शेवटी माणसानेच ठरवावे. चूक झाली, तर जाब माणसालाच द्यावा लागतो.

यंत्र थकले, तर हातच कामाला येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर अडकले. नळीतून कॅमेरा आत घातला, तेव्हा त्यांचे चेहरे दिसले. पुढे भोक पाडणारे यंत्र मोडले. शेवटचे काही मीटर कामगारांनी हातांनी खणले. सतराव्या दिवशी सारे ४१ जण बाहेर आले.

आपण काय करावे? गर्दी करू नये. पथकाने हाक दिली, की सर्वांनी गप्प राहावे; आतली टकटक तेव्हाच ऐकू येते. घरात किती माणसे होती, कुठे झोपत होती, ते सांगावे. हौसेचा ड्रोन उडवू नये. मदतीच्या हेलिकॉप्टरला धोका होतो. आणि आपणच दबलो, तर तोंडावर कापड धरावे, दगडाने भिंत वा नळ ठोकत राहावे. उगाच ओरडून दम घालवू नये.

शेजारच्या घरात कोण कुठे झोपते, हे कोणत्याही यंत्राला ठाऊक नसते. ते शेजाऱ्यालाच ठाऊक असते.