पिवळ्या दिव्यामागचे दुखणे

दसरा झाला की बीड जिल्ह्यात ट्रकच्या बॅटऱ्या चार्जिंगला लागतात. केज तालुक्यातले युसूफ वडगाव याला अपवाद नाही. पावसाळाभर लिंबाखाली उभ्या राहिलेल्या गाड्या धुतल्या जातात, बॉडीच्या तुटक्या सांध्यांना वेल्डिंग होते, टायर ठोकून पाहिले जातात. मग एखाद्या संध्याकाळी पत्र्याच्या पेट्या, हंडे, सरपण, शेळ्या आणि लेकरे यांच्यासह सारी बिऱ्हाडे ट्रकवर चढतात आणि सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात, ऊसतोडीला निघतात.

या साऱ्या व्यवहाराचा भार एका इंजिनावर असतो. मजुरांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मुकादमाने कारखान्याकडून. ट्रकवर बँकेचा नाहीतर फायनान्स कंपनीचा हप्ता असतो. गाडी फडात उभी राहिली तर तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा घटतो आणि टोळी नुसती बसून राहते. मजुरी टनावर असल्यामुळे बसलेल्या दिवसाचे पैसे नसतात. ट्रकच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, की त्याची धग अशी पार चुलीपर्यंत पोचते.

हा दिवा आपल्याकडच्या ट्रकांत तसा अलीकडे आला. पूर्वीची गाडी साधी होती. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. डिझेलचे पंप बंगलोरच्या मायको कंपनीचे. १९५१ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव २००८ मध्ये ‘बॉश’ झाले, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी तो पंप अजूनही मायकोच आहे. त्या इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच नसे. बॅटरी लागायची ती सेल मारायला, दिव्यांना आणि हॉर्नला. बॅटरी मेलीच, तर दहा माणसांनी ढकलून गाडी चालू करायची. मिस्त्री कान लावून सांगे, कोणते नोझल गळते आहे, लाईनने एअर कुठे धरली आहे. काळा धूर, पांढरा धूर, खडखड, धडधड ही इंजिनाची बोली होती आणि ती समजणारा माणूस प्रत्येक बाजारगावात असे.

पुढे शहरांची हवा बिघडली आणि धुरावर बंधने आली. भारत स्टेज तीनचा नियम २०१० मध्ये देशभर लागू झाला. तोवर बहुतेक ट्रकांचे काम जुन्या धर्तीच्या पंपावर भागत होते. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आले. त्याआधी तीनच दिवस, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मानकाच्या नव्या गाड्या त्या तारखेनंतर विकायला मनाई केली, हे अनेकांना आठवत असेल. १ एप्रिल २०२० पासून स्टेज सहा सुरू झाले. या टप्प्यांत इंजिनावर संगणक बसला. एका नळीत प्रचंड दाबाखाली डिझेल साठवायचे आणि कोणत्या सिलिंडरला, कोणत्या क्षणी, किती सोडायचे हे त्या संगणकाने ठरवायचे, अशी ही ‘कॉमन रेल’ पद्धत. धूर कमी झाला, मायलेज सुधारले. मात्र इंजिन आता विजेवाचून क्षणभरही चालेना.

२०१७ ते २०१९ च्या त्या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. आठ वर्षे ओलांडलेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. मोठे वाहतूकदार त्यांच्यातून मोकळे होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाताने त्या खेड्यात येतात. बँकेत असताना ट्रकची कर्जप्रकरणे मी पुष्कळ पाहिली. नवा ट्रक घेणारा ऐपतदार असे. सेकंडहँड ट्रक घेणाऱ्याच्या कागदांत मात्र बायकोचे डोरले आणि भावाची जमीन कुठे ना कुठे दिसायचीच. म्हणजे सर्वांत गुंतागुंतीचे यंत्र, त्याच्या सर्वांत कटकटीच्या वयात, ज्याला बिघाड सर्वांत कमी परवडतो त्याच्या दारात येऊन उभे राहते. हा लेख लिहावासा वाटला तो यासाठी.

वडगावकडच्या एका ट्रकमालकाची हकीकत सांगतो. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत अशी होती: “साहेब, रिकामी गाडी हरणावानी पळती, अन् भरली की घाटात बसून ऱ्हाती.” मांजरसुंब्याच्या घाटात भरली गाडी चढताना पिवळा दिवा लागे, इंजिनातला जीव निघून जाई आणि गाडी बैलगाडीच्या चालीने सरके. बंद करून पुन्हा सुरू केली की सारे ठीक. एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. टर्बोच्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा कोड निघाला. सेन्सर बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी कोड होता डिझेलच्या दाबाच्या सेन्सरचा. तोही बदलला. तिसऱ्यांदा ऑइलच्या दाबाचा कोड आला. तोवर एका हप्त्याएवढे पैसे गेले होते आणि ‘संगणकच बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. त्याची किंमत ऐकून मालक रस्त्याकडेच्या एका वायरिंगवाल्याकडे गेला.

या पोराने काहीच बदलले नाही. त्याने आधी प्रश्न विचारले. दिवा केव्हा लागतो? चढावर. रिकामी असताना? कधीच नाही. मग त्याने तिन्ही कोड एका कागदावर लिहिले आणि त्यांच्यात समान काय आहे ते पाहिले. त्या इंजिनात हे तिन्ही सेन्सर एकाच पाच व्होल्टच्या वायरीवर होते. गल्लीतल्या तीन घरांना पाणी येत नसेल, तर तिन्ही घरांच्या तोट्या बदलून काय होणार? गल्लीची पाइपलाइन पाहायला हवी. त्याने वायरिंगच्या जुडग्यावरची नळी सोलली. इंजिनाला धरून ठेवणाऱ्या एका पट्टीपाशी वायर घासून तांबे उघडे पडले होते. भरली गाडी चढाला लागली की इंजिन आपल्या रबरी पायांवर एका अंगाला पिळते. त्या क्षणी उघडी तार लोखंडाला टेकायची, पाच व्होल्ट जमिनीत जायचे आणि तिन्ही सेन्सर एकदम मुके व्हायचे. घाट उतरला की तार पुन्हा अधांतरी. दुरुस्तीला लागले ते वीतभर वायर, थोडे शिसे आणि नळी.

संगणक खोटे बोलला नव्हता. त्याने सांगितले होते एवढेच, की ‘या सेन्सरकडून येणारा निरोप मला पटत नाही.’ ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ ‘हा सेन्सर खराब आहे’ असा घेतला. या दोन वाक्यांमधल्या अंतरात हजारो रुपये जातात.

बँकेत संगणक येण्यापूर्वी आम्ही रोज संध्याकाळी खतावण्यांचा मेळ घालत असू. फरक निघाला, तर जिथे दिसला तिथेच खोडून दुरुस्त करायची सोय नसे. चूक मागे कुठल्यातरी पानावर असायची. पण फरकाचा आकडा स्वतःच काही सांगून जाई. नऊने भाग जात असेल, तर कोणीतरी ५४ चे ४५ लिहिले असण्याचा दाट संभव. ट्रकच्या कोडचेही तसेच आहे. त्याचे दोन भाग असतात: पहिला भाग ‘कोण’ सांगतो, दुसरा ‘कसे’. एसपीएन १०० म्हणजे ऑइलचा दाब, १०२ म्हणजे टर्बोच्या हवेचा, ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचे तापमान. पुढचा एफएमआय ३ असेल तर व्होल्टेज नको तितके जास्त, ४ असेल तर नको तितके कमी, ५ असेल तर वायर तुटल्यासारखी स्थिती. दाबाचा चांगला सेन्सर साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या आत बोलतो. त्याच्या बाहेरचा आकडा बहुधा वायरीचा किंवा कपलरचा असतो. भर मे महिन्यात स्कॅनर पाण्याचे तापमान उणे ४० अंश दाखवू लागला, तर बीडला बर्फ पडलेला नसतो, त्या सेन्सरची तार सुटलेली असते.

जाणता कारागीर म्हणूनच एका क्रमाने जातो. पहिली पाळी बॅटऱ्यांची. मोठ्या ट्रकात बारा-बारा व्होल्टच्या दोन असतात. गाडी बंद असताना मिळून पंचवीसच्या वर हव्यात, सेल मारताना एकोणीसच्या खाली जाऊ नयेत आणि इंजिन चालू झाल्यावर २७.५ ते २८.५ च्या दरम्यान चार्जिंग दिसावे. सेल मारताना व्होल्टेज कोसळले, तर संगणक भांबावतो आणि भलभलते कोड लिहून ठेवतो. दुसरी पाळी अर्थिंगची. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावून सेल मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर कुठेतरी गंज आहे. मग फ्यूज, रिले, डिझेल फिल्टर, त्यातले पाणी. त्यानंतर कोड वाचायचे, लिहून ठेवायचे, पुसायचे आणि कोणते परत येतात ते पाहायचे. मग वायर, मग सेन्सर आणि सर्वांत शेवटी संगणक.

गाडीतले निरनिराळे संगणक एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडून दोन तारांमध्ये मोजले तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर एका टोकाचा संबंध तुटला. शून्याजवळ आले, तर तारा एकमेकींना चिकटल्या. सगळे काटे एकदम पडले म्हणून घाबरलेल्या मालकाला एवढी एक मोजणी निम्मे उत्तर देऊन जाते, आणि तिला लागतो तो साधा मीटर.

ऊसवाल्या गाड्यांची काही दुखणी खास त्यांचीच असतात. एप्रिल ते सप्टेंबर गाडी उभी असते. बॅटरी बसते, कपलरमध्ये दमट हवा जाते, पितळी टाचण्या हिरव्या पडतात, उंदीर वायरीच्या आवरणावर दात चालवतात. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात उद्भवलेला बिघाड पुष्कळदा श्रावणातच जन्मलेला असतो. दसऱ्याला बॉडीचे वेल्डिंग करताना बॅटरी आणि संगणकाचे कपलर काढले नाहीत, तर वेल्डिंगचा करंट संगणकातून वाट काढू शकतो. टेप किंवा रंगीत दिव्यांसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतली, तर ती एक कायम उपाशी राहते आणि दुसरी उतू जाते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘डायनामो चार्ज करतो का’ पाहण्याची जुनी रीत आता घातक आहे. टोचा मारून बल्ब लावून पाहण्याची सवयही तशीच: टोच्याच्या भोकातून पाणी शिरते आणि बल्ब ओढतो तेवढा करंट द्यायला त्या नाजूक तारा बनलेल्याच नसतात.

दिव्यावर चिकटपट्टी लावणे हाही एक इलाज चालतो. तो कोणी करू नये. याच गाडीवर रात्री लेकराबाळांसकट माणसे असतात. घासलेली वायर आज इंजिनाचा जीव काढते, उद्या हेडलाइट घालवील किंवा पेट घेईल.

आता प्रश्न कौशल्याचा. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ हा अभ्यासक्रम आहे आणि खेड्यातली पोरे त्याला जातात. पण त्यांच्या हाती गाडीचा वायरिंगचा नकाशा क्वचितच पडतो, आणि पडला तरी तो मराठीत नसतो. कोणती वायर कुठून कुठे जाते हे ठाऊक नसेल, तर हुशार पोरगाही शेवटी अंदाजाने भाग बदलू लागतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना मिळावी, असा कौल दिला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले. त्यात मोटारी आहेत, शेतीची अवजारेही आहेत. पाऊल योग्य आहे. ते केज-अंबाजोगाईच्या रस्त्याकडेच्या शेडपर्यंत पोचायला हवे.

वाचकांपैकी फार थोड्यांकडे ट्रक असेल. पण दारातल्या मोटारीलाही हाच दिवा आहे. तो लागला आणि कोणी लगेच ‘अमुक भाग बदला’ म्हणाले, तर एवढे जरूर विचारावे: कोड कोणता आला, वायर तपासली का, व्होल्टेज किती भरले? या तीन प्रश्नांना आकड्यांत उत्तर मिळाले तर खुशाल पैसे द्यावेत. आणि ज्यांच्या गाड्या उसाला जाणार आहेत, त्यांनी पोळ्यानंतरचा एक दिवस राखून ठेवावा. बॅटऱ्या मोजाव्यात, अर्थिंगची टोके घासून घट्ट करावीत, कपलर उघडून कोरडे करावेत, वायरीची जुडगी कुठे घासते ते हाताने चाचपून पाहावे. घाटात बसून काढाव्या लागणाऱ्या रात्रीपेक्षा हा दिवस खचितच स्वस्त पडेल.