वतनाच्या जमिनीचा सातबारा आपण स्वतः पाहा

शहरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत गावच्या जमिनीचा विषय निघाला की एकच उत्तर येते : 'कागद भाऊबंदांकडे आहेत.' मग एके दिवशी दलाल दारात येतो, आकडा सांगतो आणि सह्या मागतो. तो येण्याआधीच आपल्या हाती कागद असला पाहिजे, असे आमचे सांगणे आहे.

ही जमीन म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी रात्रंदिवस केलेल्या गावकीच्या कामाचा मोबदला. त्या मोबदल्याच्या नावाखाली समाज वेठीला बांधला गेला होता. हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. ठराविक रक्कम भरणाऱ्यांना जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. म्हणून अशा उताऱ्यावर बहुधा 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते. ही जमीन बिनशेती कामासाठी विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा लागतो. केवळ साध्या कागदावरच्या सह्यांनी असा व्यवहार होत नाही.

पूर्वी उताऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. आता 'महाभूलेख' या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि आठ-अ फुकट पाहता येतात. मात्र ते माहितीपुरते. कामकाजाला चालणारा डिजिटल सहीचा उतारा फी भरून मिळतो.

उतारा हाती आला की चार गोष्टी वाचाव्यात : खातेदारांची नावे, क्षेत्र, भोगवटादाराचा वर्ग आणि इतर हक्कांचा रकाना. आजोबांचेच नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज करावा. शासनाने २०२५ साली मयतांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम राबविली. आई आणि बहिणी यांचीही नावे लागली पाहिजेत. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घेण्यास १५ दिवस असतात, हे विसरू नये.

आता किमतीचे पाहू. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या बाजारमूल्य दर तक्त्यांना, म्हणजेच रेडी रेकनरला, सरकारी भाव म्हणतात. विभागाच्या संकेतस्थळावर गावाचे नाव निवडून तो पाहता येतो. समजा, करारात ८ लाख लिहिले आणि तक्त्याप्रमाणे मूल्य १० लाख निघाले, तर मुद्रांक शुल्क १० लाखांवर बसते. नजराणाही बाजारमूल्यावरच ठरतो. पण हा भाव करवसुलीसाठी आहे. रस्त्यालगतच्या जमिनीला प्रत्यक्षात याहून जास्त मिळू शकते. दलालाचा आकडा सरकारी भावाहूनही कमी असेल, तर सरळ नकार द्यावा.

घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी येत्या रविवारी एवढे काम करावे : गाव, तालुका, गट नंबर वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहावा, उतारा काढावा आणि सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावा. सहीचा विषय त्यानंतर.