कुत्र्यांचं होस्टेल सुरू करताय? पहिलं बुकिंग घेण्याआधी पालिकेचे नियम वाचा



पेट बोर्डिंगचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. घरमालक गावाला गेले की त्यांचा कुत्रा, मांजर काही दिवस सांभाळायचं आणि रोजाप्रमाणे पैसे घ्यायचे, असा हा साधा धंदा. भांडवल कमी, मागणी खरी. व्हिडिओत आपण दर, जागा आणि जाहिरात यावर बोललो. एक भाग मुद्दाम लेखासाठी ठेवला होता, कारण तो ऐकून सोडून देण्यासारखा नाही, समोर ठेवून टिकमार्क करण्यासारखा आहे. तो भाग म्हणजे शहरात प्राणी ठेवण्याचे नियम.

आधी एक खरी गोष्ट. आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी रो-हाऊस भाड्याने घेऊन बोर्डिंग सुरू केलं. डिपॉझिट, जाळ्या, बेड, कॅमेरे धरून साधारण 1,40,000 रुपये घातले. चार महिने छान चाललं. दिवाळीचं बुकिंग फुल झालं. दिवाळीला तीन आठवडे असताना शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली आणि पालिकेचा माणूस दारात आला. त्याने एकच विचारलं, "परवाना दाखवा." ताईंनी मोठ्या विश्वासाने उद्यमचं सर्टिफिकेट पुढे केलं. तो म्हणाला, "हे ठीक आहे, पण प्राणी ठेवायचा परवाना कुठाय?" तो नव्हता. दिवाळीचे सगळे ॲडव्हान्स परत करावे लागले आणि घरमालकाने डिपॉझिटमधून पैसे कापले.

ताई आळशी नव्हत्या. त्यांनी कागद काढले होते, फक्त चुकीचे कागद काढले होते. ही चूक खूप जण करतात.

उद्यम आणि शॉप ॲक्ट म्हणजे परवाना नव्हे

उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते आणि जरूर करा. पण ती फक्त सांगते की तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु आहे. शॉप ॲक्टचंही तसंच. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगार कमी असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि त्याची पावती मिळते. बँकेत चालू खातं उघडायला ती उपयोगी पडते.

या दोन्ही कागदांत "या जागेत प्राणी ठेवायला हरकत नाही" असं कुठेही लिहिलेलं नसतं. ते सांगण्याचा अधिकार पालिकेचा आहे.

पैसे घेतले की नियम बदलतो

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून सावकाश वाचा.

घरी हौसेने कुत्रा पाळला तर तुम्ही पाळीव प्राण्याचे मालक. पालिकेकडे त्याची नोंद करायची, रेबीजची लस द्यायची, झालं. बऱ्याच पालिका यासाठी वर्षाला नाममात्र फी घेतात. पुण्यात तर 2022 पासून मांजरांच्या नोंदणीचाही निर्णय झाला.

पण दुसऱ्याचा प्राणी पैसे घेऊन ठेवला, तर तुम्ही वेगळ्या कलमात गेलात. मुंबईसाठी 1888 चा मुंबई महानगरपालिका कायदा आहे, त्यातलं कलम 394. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर वगैरे महानगरपालिकांसाठी 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका कायदा आहे, त्यातलं कलम 376. दोन्हींचा सूर एकच: विक्रीसाठी, भाड्याने देण्यासाठी, प्राण्याचं उत्पादन विकण्यासाठी, किंवा ज्या कामाचे पैसे घेतले जातात अशा कोणत्याही कामासाठी चार पायांचे प्राणी जागेत ठेवायचे असतील तर आयुक्तांचा परवाना लागतो.

"ज्या कामाचे पैसे घेतले जातात" यात बोर्डिंग आलं. कुत्रा एक असो वा दहा, घर स्वतःचं असो वा भाड्याचं. "मी तर घरूनच करते" हे उत्तर तिथे चालत नाही.

अर्ज कुठे करायचा? वॉर्ड ऑफिस म्हणजे क्षेत्रीय कार्यालय, तिथला आरोग्य किंवा परवाना विभाग आणि पालिकेचा पशुवैद्यकीय विभाग. जाताना जागेचा साधा नकाशा, भाडेकरार, मालकाचं संमतीपत्र आणि सांडपाणी कुठे जातं याचं उत्तर तयार ठेवा. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर कायदा वेगळा लागतो, त्यामुळे हद्द आधी नक्की करा.

हे नियम मुळात आले कुठून?

आपल्याला वाटतं सरकार उगाच अडवतं. थोडा इतिहास बघा. मुंबईत एकेकाळी भर वस्तीत म्हशींचे गोठे होते. शेण, माश्या, तुंबलेली गटारं आणि त्यातूनच येणारं दूध. ही जनावरं शहराबाहेर नेण्यासाठी 1949 मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली. पुढे 1976 मध्ये राज्याने शहरी भागात गुरं पाळणं आणि त्यांची ने-आण यावर नियंत्रणाचा वेगळा कायदाच केला. म्हणून कुणी शहरात दोन म्हशी ठेवून "ताजं दूध" विकायचा विचार करत असेल तर आधी या कायद्याची चौकशी करावी.

तेव्हा जे प्रश्न होते तेच आजही अधिकारी विचारतो: घाण कुठे जाते, वास येतो का, आवाज किती, रोग पसरेल का, प्राणी नीट ठेवलाय का. या पाच प्रश्नांची उत्तरं तयार असतील तर अर्धं काम झालं.

सोसायटी आणि शेजारी

प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी रहिवाशाला कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाही. काही जण याच आधारावर म्हणतात, "मग मला कोण अडवणार?" थांबा. ती सूट पाळणाऱ्यासाठी आहे, धंदा करणाऱ्यासाठी नाही. निवासी फ्लॅटमध्ये रोज नवे कुत्रे येऊ लागले की सोसायटी जागेच्या वापराचा मुद्दा काढणार, आणि तो मुद्दा बरोबर असतो. भाडेकरारात "फक्त राहण्यासाठी" असं लिहिलं असेल तर घरमालकही हात वर करतो.

आवाजाचं गणितही बघा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. एक कुत्रा भुंकायला लागला की बाकीचे साथ देतात, हे सांगायला नको. त्यामुळे जागा निवडतानाच भिंतीला भिंत असलेली टाळा. थोडं आत, कडेला, मोकळं आवार असलेली बघा.

चावा घेतला तर जबाबदारी कोणाची?

नवीन लोकांचा गैरसमज असतो की कुत्रा मालकाचा, म्हणजे जबाबदारीही मालकाची. तसं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने माणसाला धोका होणार नाही एवढी काळजी घ्यायची. निष्काळजीपणा झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे शब्द "ताब्यात" असा आहे. मालक गोव्याला फिरत असताना ताबा तुमचा असतो.

म्हणून हे नियम स्वतःलाच घालून घ्या:

1. रेबीज लसीचा चालू दाखला बघितल्याशिवाय प्रवेश नाही. ओळखीचा असला तरी नाही. दाखल्याचा फोटो फाइलला लावायचा.
2. बाहेर फिरवताना पट्टा हातात. दोन दारांची व्यवस्था ठेवा, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद असेल.
3. नवीन कुत्रा पहिल्या दिवशी वेगळा ठेवा. स्वभाव कळल्याशिवाय एकत्र सोडू नका.
4. चावा झालाच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, मिरची लावत बसू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.
5. मदतनीसाला आधीच प्रतिबंधक लस देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. हा खर्च आहे, पण टाळायचा नाही.

प्राण्याच्या बाजूने

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा तुम्हालाही लागू आहे. हलता येणार नाही एवढा लहान पिंजरा, आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणं, हे गुन्हे आहेत. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये आहे, हे ऐकून काही जण हसतात. हसू नका. बांधलेल्या कुत्र्याचा एक व्हिडिओ मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला की तुमचा धंदा संपला. तो दंड पावतीवर दिसत नाही.

आणखी एक अडचण येतेच येते. ग्राहक कुत्रा ठेवून जातो आणि परत येत नाही. फोन बंद. अशा वेळी कुत्रा रस्त्यावर सोडून देऊ नका. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हाही याच कायद्यातला गुन्हा आहे. उपाय म्हणजे आधीच करार: ओळखपत्र, दुसऱ्या नातेवाइकाचा नंबर, ठरलेल्या दिवसानंतर रोजचा जादा दर आणि पुढे काय होईल हे स्पष्ट लिहून सही.

दारातल्या भटक्या कुत्र्यांना उरलेलं खायला घालायची सवय असेल तर तीही आवरा. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर कुठेही खायला घालण्याऐवजी ठरवून दिलेल्या जागीच घालायला सांगितलं आहे. भूतदया जरूर ठेवा, पण पालिकेने ठरवलेली जागा विचारून घ्या.

"सोबत पिल्लं पण विकू का?"

हा प्रश्न दर बॅचला येतो. विक्री हा वेगळा धंदा आहे, त्याचे नियमही वेगळे. पेट शॉपसाठी 2018 चे आणि कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी 2017 चे केंद्राचे नियम आहेत. दोन्हींसाठी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ऑनलाइन विक्रीलाही पेट शॉपचे नियम लागतात, त्यामुळे "मी फक्त इन्स्टावर टाकते" ही पळवाट नाही.

आणि आपला हिरवा पोपट? तो 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे. पाळणंही नाही, विकणंही नाही. कुणी पिंजऱ्यासकट "आठ दिवस सांभाळा" म्हणून आणला तरी नम्रपणे नाही म्हणा.

आता पैशाचं बोलू

समजा सहा कुत्र्यांची सोय आहे आणि एका रात्रीचे 600 रुपये. महिन्याच्या 180 रात्री होतात. सुरुवातीला 40 टक्के भरल्या असं धरू, म्हणजे 72 रात्री, 43,200 रुपये. भाडं 18,000, मदतनीस 12,000, साफसफाई, वीज, पाणी 5,000. खर्च 35,000. हातात उरले 8,200.

आता तक्रार आली आणि महिनाभर बंद ठेवावं लागलं. भाडं आणि मदतनीस मिळून 30,000 द्यावेच लागणार. म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची कमाई एका महिन्यात गेली. आणि तो महिना दिवाळीचा किंवा मे महिना असेल तर वर्षाचा मुख्य सीझनच गेला. परवान्यासाठी घातलेले चार हेलपाटे यापुढे काहीच नाहीत.

कामाला लागायचा क्रम

1. जागा बघा, पण टोकन देऊ नका.
2. हद्द कोणाची ते तपासा आणि वॉर्ड ऑफिसला जाऊन "या पत्त्यावर पैसे घेऊन कुत्रे ठेवायचे आहेत, परवाना मिळेल का?" असं स्पष्ट विचारा. उत्तर लेखी मिळालं तर उत्तमच.
3. मालकाची लेखी संमती आणि करारात व्यावसायिक वापराचा उल्लेख.
4. मगच टोकन, मग परवान्याचा अर्ज, सोबत उद्यम आणि शॉप ॲक्ट.
5. जवळच्या पशुवैद्यांशी रात्री-अपरात्रीच्या केससाठी बोलून ठेवा.
6. करार, प्रवेश रजिस्टर, लसीची फाइल तयार.
7. शेजाऱ्यांना जाऊन भेटा, स्वतःचा नंबर द्या. "त्रास झाला तर आधी मला फोन करा," एवढं सांगा. पालिकेत जाणारी निम्मी तक्रार इथेच थांबते.

त्या ताईंचं काय झालं? त्यांनी धंदा सोडला नाही. वस्तीपासून जरा बाजूला जागा घेतली आणि या वेळी आधी परवाना, मग जाळ्या, असा क्रम ठेवला. आता भिंतीवर परवान्याची फ्रेम आहे. त्या म्हणतात, नवीन ग्राहक कॅमेऱ्यांच्या आधी ती फ्रेम वाचतो.

तुम्हीही ती फ्रेम आधी लावा. भेटू पुढच्या व्हिडिओत!