हार्मोनियमवाल्याचा हरिश्चंद्र

अर्न्स्ट लुबिचचा १९३४ चा ‘द मेरी विडो’ पुन्हा पाहायला घेतला की मध्येच मला ‘मानापमान’ आठवतं. तिकडे गडगंज श्रीमंत विधवा आणि तिचा पैसा देशातच राहावा म्हणून तिच्यामागे लावून दिलेला दानिलो नावाचा फौजी उमराव. इकडे श्रीमंतीचा ताठा असलेली भामिनी, बापाने पसंत केलेला फाटका सेनापती धैर्यधर, आणि मग भामिनीने घेतलेलं वनमालेचं सोंग. फ्रान्झ लेहारचा मूळ ऑपरेटा व्हिएन्नात १९०५ च्या डिसेंबरात आला, खाडिलकरांचं नाटक १२ मार्च १९११ ला. कोणी कोणाचं उचलल्याचा संशय नको. प्रेमाच्या आड पैसा आणि मानीपणा आणून ठेवला की गाण्याला जागा होते, हे दोघांनी आपापल्या गावी ओळखलं.

लुबिचने लेहारच्या चाली ठेवल्या, बरीच पदं उडवली, लॉरेन्झ हार्टकडून नवे शब्द लिहून घेतले. जनेट मॅकडोनल्ड आणि मॉरिस शेव्हालिए हीच जोडी घेऊन त्याने फ्रेंच आवृत्तीही केली. खर्च निघाला नाही. कलादिग्दर्शनाला ऑस्कर मात्र मिळालं.

आपल्याकडे ही वाट वेगळीच वळली. नाटक मागे राहिलं, संगीतकार तेवढा पडद्यावर गेला.

हे संगीतकार म्हणजे कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे. ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या. साकी-दिंडीला सरावलेल्या कानांना त्यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्याचा लहेजा ऐकवला. १९१३ ला बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांसोबत गंधर्व नाटक मंडळी काढली, पुढे तीही सोडली. आमच्या मांजरसुंब्याच्या चौकात सोलापूर-धुळे आणि नगरकडचा रस्ता एकमेकांना छेदतात. तिथे उतरणारा बहुतेक गाडी बदलायलाच उतरतो. टेंब्यांचं आयुष्य तसंच.

१९३२ ला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. दिग्दर्शक शांताराम, तारामती दुर्गा खोटे, आणि हरिश्चंद्र? टेंबेच! संगीतही त्यांचंच. पार्श्वगायन रुळायचं होतं. नटाने मायक्रोफोनसमोर अभिनय करता करता गायचं आणि वादकांनी चौकटीबाहेर दडून साथ द्यायची. पेटीवर दुसऱ्याचा गळा सांभाळलेला माणूस आता स्वतः चौकटीत उभा होता. चित्रपट मराठी-हिंदी दोन्ही भाषांत निघाला, लुबिचच्या दोन वर्षं आधी. राजाच्या डोक्यावरचा मुकुट नाटकी आहे, पण गाताना टेंबे पल्लेदार ताना टाकत बसत नाहीत. पडद्यावर ‘वन्समोर’ नसतो, हे त्यांना लवकर उमगलं असावं.

बालगंधर्वांना ते जमलं नाही, असं माझं मत, गंधर्वभक्तांनी रागवावं. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते एकनाथ झाले. चित्रपटाचं मूळ नाव ‘महात्मा’. सेन्सॉरने हरकत घेतल्यामुळे ते बदलावं लागलं. १९३७ ला बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त स्त्रीवेष पुन्हा चढवला, चित्रपटही नाटकावरूनच. पण कॅमेरा इतका जवळ आला की रंगमंचावरची ती जादू टिकेना. मॅकडोनल्डला हा प्रश्न कधी पडलाच नाही.

सुबोध भाव्यांनी जानेवारी २०२५ मध्ये ‘मानापमान’ पडद्यावर आणलं ते शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत घेऊन. लुबिचने निदान लेहारला हाताशी धरलं होतं. टेंब्यांनी नंतरच्या काळात ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ अशा संगीतिका लिहिल्या. म्हणजे खऱ्या ऑपेराच्या सगळ्यांत जवळ आपल्याकडे जो पोचला, तो हाच हार्मोनियमवाला.