इंधनाचे दर आणि गाडीची निवड

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘पूरक वस्तू’ म्हटले की पेट्रोल आणि मोटार हे उदाहरण ठरलेले. पेट्रोल महागले की मोटारींची मागणी घटते, असे तिथे एका ओळीत सांगून मोकळे होतात. प्रथम वर्षाला मीही ते पाठ केले. पण आमचे अण्णा गेली बावीस वर्षे वडापची जीप चालवतात आणि डिझेल महागले म्हणून त्यांनी एक खेप कमी केल्याचे मला आठवत नाही. गाडी उभी राहिली तर चूल कशी पेटणार? घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे हिशेबाची वही माझ्याकडे असते. तिच्यावरून जे उमगले ते मांडते.

गाडी घेणारा नुसता इंधनाचा दर बघत नाही. एका इंधनापेक्षा दुसरे किती स्वस्त आहे, हे तो बघतो. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलच्या दरावरचे नियंत्रण काढले. डिझेलवरचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत राहिले, कारण ट्रक, एस. टी., ट्रॅक्टर हे सारे डिझेलवर चालणारे. परिणामी मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला सुमारे ७३ रुपये तर डिझेल ४१ रुपये झाले. शेतकऱ्याच्या नावाने स्वस्त ठेवलेले डिझेल मग शहरातल्या साहेबलोकांच्या मोटारीतही जाऊ लागले. त्या सुमारास खपणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या!

आता हिशेब पाहू. पेट्रोलची मोटार लिटरला १८ आणि डिझेलची २२ किलोमीटर अ‍ॅव्हरेज देते असे धरू. वरच्या दराने पेट्रोलवर किलोमीटरला ४ रुपये ६ पैसे पडतात, डिझेलवर १ रुपया ८६ पैसे. म्हणजे दर किलोमीटरला २ रुपये २० पैसे वाचले. डिझेलची मोटार लाखभराने महाग असेल, तर तो लाख वसूल व्हायला सुमारे ४५ हजार किलोमीटर धावावे लागेल. रोज दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीवाल्याचे हे काम दहा महिन्यांचे. रोज जाऊन-येऊन दहा किलोमीटर फिरणाऱ्या कचेरीवाल्याला मात्र बारा वर्षे लागतील. तरीही पुष्कळ कचेरीवाल्यांनी डिझेलच घेतली. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेणारेही असतातच, त्यांचे गणित कुठल्याच पुस्तकात नाही.

पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला थोडेथोडे वाढू लागले. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत पेट्रोल शंभरावर गेले तेव्हा डिझेल साडेएकोणनव्वद होते. त्याच अ‍ॅव्हरेजने बचत किलोमीटरला दीड रुपयावर आली आणि लाख वसूल व्हायला ६६ हजारांहून अधिक किलोमीटर लागू लागले. त्यातच १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, डिझेलचे इंजिन आणखी महागले. मारुतीने तर डिझेलच्या मोटारी बनवणेच थांबवले.

ज्यांना परवडले ते सी.एन.जी.कडे वळले. राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून या गॅसवरचा कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. मुंबईत किलोचा दर ६० रुपये झाला, पण ऑगस्टपर्यंत तो ८६ वर चढला.

“अण्णा, तुम्ही गॅस का बसवून घेत नाही?” असे मी एकदा विचारले. त्यांनी बॉनेट उघडून दाखवले. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी पडून इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते, प्लग नसतोच. गॅसला ठिणगी हवी. म्हणून पेट्रोलच्या गाडीला किट सहज बसते, आमच्या जीपला बसत नाही. जीप २०११ साली जुनी घेतली, ती डिझेल स्वस्त होते म्हणूनच. दर बदलले तसा कचेरीवाला पाच वर्षांनी गाडी बदलतो. आमची निवड त्या एका दिवशी झाली ती झाली.

भाडे वाढवावे तर मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. ती सवलत हवीच, माझी आईही तिनेच माहेरी जाते. पण बाजारच्या दिवशी जीपमागे आता चार-पाच सिटा कमी भरतात. जो सर्वांत जास्त किलोमीटर धावतो त्याला कमी खर्चाच्या गाडीची गरज सर्वांत जास्त, आणि ती घ्यायला लागणारी रोकड नेमकी त्याच्याचकडे नसते. हप्ते फिटतील, असे अण्णा म्हणतात. अडते ते आधी भरायच्या रकमेपाशी. वहीच्या शेवटच्या पानावर मी ती रक्कम लिहिली आहे, खाली माझी तृतीय वर्षाची फी. दोन्हींची बेरीज जूनपर्यंत जमेल असे दिसत नाही. अण्णा म्हणतात, फी आधी भरू.