आंब्यावरील रास्नेचे गुण कसे पारखावेत

जुन्या आंब्यावर वाढलेली रास्ना बांडगूळ समजून खरडून काढणारे शेतकरी आजही भेटतात. बांडगूळ फांदींत मूळ रुतवून रस ओढतें. रास्ना तसें करीत नाहीं. तिचीं जाड, पांढुरकीं मुळें सालीला नुसतीं बिलगतात आणि पावसाचें पाणी, हवेंतील ओलावा व सालींत सांचलेली धूळमाती यांवर ती जगते. ही आमरी कुळांतील वनस्पति. शास्त्रीय नांव वांदा टेसेलाटा. (औषधी बाजारांत रास्ना म्हणून भलत्याच वनस्पतींचीं मुळेंही विकलीं जातात, त्यांचा येथें संबंध नाहीं.)

हिचीं फुलें सुवासिक. पाकळ्या पिवळसर-हिरव्या, त्यांवर तपकिरी जाळी, आणि ओठ जांभळट. तथापि एखाद्या रोपाची जाळी गडद, एखाद्याचा ओठ फिका, तर एखाद्याच्या दांड्यावर फुलें अधिक असतात. संकर करणाऱ्यास हाच भेद हवा असतो. खासी टेकड्यांकडील निळी रानवांदा आणि फिलिपाईन्समधील मोठ्या फुलांची वांदा यांचा 'रॉथशिल्डियाना' हा संकर १९३१ सालीं नोंदला गेला. निळा रंग त्यास रानवांदेकडूनच आला.

परंतु दिसलेला भेद वंशाचा कीं जागेचा, हें प्रथम ठरविलें पाहिजे. उन्हांतील पान आंखूड व पिवळट, सावलींतील लांब व गर्द होतें. तेवढ्यावरून निराळी जात मानणें ही फसगत होय. म्हणून प्रत्येक रोपास क्रमांक देऊन वही घालावी. पूर्ण वाढलेल्या पानाची लांबी-रुंदी, दांड्यावरील फुलांची संख्या, पांच फुलांची रुंदी, रंग, वास, फुलण्याची तारीख आणि ऊन-सावली हीं लिहावीं. एका हंगामावर भरंवसा ठेवूं नये. एकाच झुपक्यांतील चार फुटवे म्हणजे चार रोपें नव्हेत. सातबाऱ्यांत चार हिस्से पडले म्हणून जमीन चौपट होत नाहीं!

पुढें निवडक रोपांचे मुळांसह फुटवे काढून एकाच झाडावर, सारख्या सावलींत बांधावेत. तेथें दोन-तीन हंगामांनंतरही भेद टिकला, तर तो बहुधा वंशाचा समजावा. हा प्रयोग स्वतःच्या बांधावरील रोपांवरच करावा. वनांतील रोपें उचलूं नयेत.

बियांपासून रोपें करणें मात्र घरीं साधत नाहीं. आमरीचें बीं धुळीसारखें बारीक, आंत अन्नसांठा जवळजवळ नाहीं. रानांत तें विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेंच रुजतें. अमेरिकेंत नड्सन यांनीं १९२२ मध्यें बुरशीवांचून, साखरयुक्त पोषकावर तें रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली. तें काम प्रयोगशाळेचें. आपल्याकडे आंबा तोडण्याची वेळ आलीच, तर कुऱ्हाड लागण्यापूर्वीं रास्ना सालीच्या तुकड्यासह उतरवून शेजारच्या झाडास बांधावी व वहींत नव्या जागेची नोंद करावी.